बाळाच्या नावाचं दुसरं अक्षर

माझ्या धाकट्या भावाला, नेक्तारिसला, दुसरं मूल झालं, मुलगा, तेव्हा त्यानं त्याचं नाव स्तामातिस ठेवलं. आमच्याकडे पूर्वी घरात लेकरं फार झाली की शेवटच्याला हे नाव द्यायचे, कारण त्यात 'थांब' असा शब्द दडलेला आहे. नेक्तारिस आणि व्हायोलेता दोघांना दोनावर थांबायचं होतं. तीन वर्षांनी तिसरं मूल झालं, मुलगी. थांबण्याचा गुण आईबापांना काही लागला नाही, तो सगळाच्या सगळा स्तामातिसच्या अंगात उतरला. हा मुलगा रस्त्यानं चालत नाही. तो थांबतो, आणि दोन थांबण्यांच्या मधे नाइलाज म्हणून थोडा पुढे सरकतो.

हे मला त्या शनिवारी सकाळपर्यंत माहीत नव्हतं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, एकटी राहते, आणि मुलांना भेटते ती त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी, जिथं त्यांना खुर्चीत अडकवलेलं असतं.

तिसरीचा बाप्तिस्मा दुपारी साडेबाराला पेत्रालोनातल्या चर्चमध्ये होता आणि धर्ममाता, म्हणजे पाद्र्याला बाळाचं नाव सांगणारी, मी होते. घरात पाहुण्यांची गडबड, म्हणून थोरली दोघं आदल्या दिवशीच माझ्याकडे किप्सेलीत राहायला आली होती. सकाळी मेट्रोत बसायचं, चार स्टेशनं, पेत्रालोना. असा साधा बेत. साडेनऊला आम्ही स्टेशनवर पोहोचलो तर शटर खाली ओढलेलं, आणि त्यावर कागद चिकटवलेला.

गारिफालियानं तो मोठ्यानं वाचला. ती सहा वर्षांची, पहिलीत आहे, नुकतीच वाचायला लागली आहे आणि दिसेल ते वाचते. "चो-वी-स ता-सां-चा सं-प," ती म्हणाली. "आत्या, संप म्हणजे काय?"

"म्हणजे आज कोणी कामावर नाही."

"मग आपण पण नको जाऊया."

मी नेक्तारिसला फोन लावला. तो म्हणाला, बस नाही, ट्रॉलीबस नाही, टॅक्सीवालेही सामील झालेत. त्याच्याकडे एक मोटरसायकल आहे. ती घेऊन येतो म्हणाला.

"मोटरसायकलवर तू, मी, दोन मुलं, पाठीवरची पिशवी आणि बाप्तिस्म्याची मेणबत्ती?" मी विचारलं.

"तू तर रोज चालतेस, एवांथिया," तो म्हणाला. "तासाभराचा तर रस्ता आहे."

पाठीवरच्या पिशवीत बाळाचे पांढरे कपडे, नवा टॉवेल आणि तेलाची बाटली होती. मेणबत्ती जवळजवळ गारिफालियाच्या उंचीची, रिबिनी आणि जाळी लावून सजवलेली, म्हणून ती पुठ्ठ्याच्या लांब नळीत घातली होती. मी ती नळी आडवी धरली, पुढचं टोक गारिफालियाला दिलं, मधोमध स्तामातिसला धरायला लावलं. "हे सोडायचं नाही," मी सांगितलं. "ही आपली आगगाडी."

ही माझी पहिली चूक. आगगाडी म्हटल्यावर स्तामातिसला रूळ लागले. आमच्या फुटपाथांवर अंधांसाठी पिवळ्या रेघांच्या फरशा बसवल्या आहेत, त्या त्याला लगेच सापडल्या. तो त्यांच्यावरच चालणार. पन्नास पावलं सगळं सुरळीत झालं. मग रूळ सरळ एका नारंगीच्या झाडात घुसले. झाड मधोमध, मुळांनी फरशा उचललेल्या, फांद्यांवर पांढरी फुलं आणि खाली दोन स्कूटर लावलेल्या.

स्तामातिस झाडासमोर उभा राहिला. "गाडी अडली," तो म्हणाला.

"झाडाला वळसा घाल."

"गाडी वळत नाही."

"ही वळते."

"रूळ नाहीत," तो शांतपणे म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मी त्याला उचलून झाडापलीकडच्या रुळांवर ठेवलं. पुढे टपरी होती, रूळ तिच्याखाली गेले होते. त्याच्यापुढे कोणाची तरी गाडी फुटपाथवर चढवलेली. पातिसिऑनच्या मोठ्या रस्त्यापर्यंत मी त्याला नऊ वेळा उचललं. गारिफालिया तेवढ्यात पाट्या वाचत होती: किल्ल्या बनवून मिळतील, दंतवैद्य दुसरा मजला, घर भाड्यानं देणे आहे. लांबलचक पाटी आली की तीही थांबायची, कारण वाक्य अर्धं सोडणं तिला चालत नाही.

दहा वाजून गेले होते आणि माझ्या घराची गच्ची अजून दिसत होती.

वस्तुसंग्रहालयाच्या बागेपाशी गारिफालिया कठड्यावर बसली. पाय दुखत नव्हते. हा सौदा होता, ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"आत्या, बाळाचं नाव काय ठेवणार?"

"चर्चमध्ये कळेल."

"मला आत्ता सांग. मग मी चालते."

आता इथं मला थोडं खरं सांगायला हवं. बाळाचं नाव मी ठरवलंच नव्हतं. दोन नावं होती. एक पोलिक्सेनी, म्हणजे व्हायोलेताची आई, हयात, बहात्तर वर्षांची, जिच्यासमोर नेक्तारिस अजून उभ्यानं कॉफी पितो. दुसरं पर्सेफोनी, म्हणजे आमची आत्या, जी आता फक्त फोटोत आहे. आई गेल्यावर तिनंच मला आणि नेक्तारिसला वाढवलं. थोरलीला आमच्या आईचं नाव दिलं होतंच. आता या नावासाठी, आजीचं नाव नातीला द्यायच्या रीतीप्रमाणे, पोलिक्सेनीबाईंचा हक्क, आणि मनाप्रमाणे पर्सेफोनीआत्याचा. नवरा-बायकोनं आठ महिने हा विषय टाळला, बाळाला नुसतं 'बाळ' म्हटलं, आणि शेवटी माझ्या गळ्यात टाकला. "धर्ममाता तू आहेस, तू ठेवशील ते," व्हायोलेता म्हणाली. नेक्तारिस म्हणाला, "फक्त मला आधी सांगू नकोस. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला खरंखरं म्हणता येईल." दोन्ही नावं जोडून ठेवावीत तर पोलिक्सेनीबाईंनी एका बाप्तिस्म्याच्या जेवणात सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की जोडनाव म्हणजे कोणालाच न दुखावण्याची भित्र्या माणसांची युक्ती.

तर मी गारिफालियाला म्हटलं, "नाव नाही सांगणार. ओमोनियाच्या चौकापर्यंत चाललीस तर एक अक्षर सांगेन."

"आधी अक्षर."

"प," मी म्हटलं. दोन्ही नावं पनंच सुरू होतात.

ती उठली आणि चालायला लागली, झरझर. मीच मागे पडले, कारण स्तामातिसला लघवी लागली होती. एका कॅफेच्या मालकानं आम्हाला आत जाऊ दिलं आणि बाहेर येताना दोघांना एकेक बिस्किट दिलं. गारिफालियानं त्याला सांगितलं, "आमच्या बाळाचं नाव प आहे." तो म्हणाला, छान आहे, लक्षात ठेवायला सोपं.

ओमोनियाला पुढचं अक्षर द्यायची वेळ आली. मी म्हटलं, "आता शेवटचं सांगते. शेवटी 'नी'."

"मधलं सोडून?"

"मधलं नंतर."

"प... नी," ती पुटपुटली. "पनी. पिनी. पानी." मग माझ्याकडे संशयानं बघून म्हणाली, "आत्या, पिनी ठेवू नकोस. शाळेत चिडवतात."

आता माझ्याकडे फुकट द्यायला काही उरलं नव्हतं. पुढचं अक्षर दुसरं, आणि तिथंच दोन नावांची फारकत होते. आमच्या लिपीत पनंतरचा स्वर वेगळं अक्षर म्हणून लिहितात: पोलिक्सेनीत ओ, पर्सेफोनीत ए. आणि सहा वर्षांच्या मुलीला दिलेलं अक्षर परत घेता येत नाही.

अकरा वाजत आले होते. आम्ही आथिनास रस्त्याला लागलो, बाजाराचा रस्ता. तिथं मासळी आहे, मटण आहे, पोत्यांत डाळी आहेत, आणि एका दुकानाबाहेर पिंजऱ्यांत कोंबडीची पिल्लं, ससे आणि पाण्याच्या पसरट भांड्यात छोटी कासवं आहेत. स्तामातिस कासवांसमोर उकिडवा बसला. पाच मिनिटं मी थांबले. दहा मिनिटं थांबले. कासव हलत नव्हतं, तोही हलत नव्हता. दोघांमध्ये कोण आधी कंटाळतो ते बघायला दुकानदार स्टूल घेऊन बसला.

"चल, स्तामातिस. बाळ वाट बघतंय."

"कासव झोपलंय."

"म्हणून तर जाऊया."

"उठल्यावर."

मी त्याला उचललं. त्यानं अंग सैल सोडलं. मुलांना ही विद्या कोण शिकवतं देव जाणे. तेरा किलोचं पोर एकदम ओल्या गादीसारखं होतं आणि हातातून घरंगळतं. तो फुटपाथवर आडवा पडला, रडला नाही, ओरडला नाही, नुसता पडून राहिला. लोक त्याला ओलांडून जायला लागले. एका हातात मेणबत्तीची नळी, पाठीवर पिशवी, कपाळावर घाम. मी वर बघितलं तर समोरून पोलिक्सेनीबाई येत होत्या.

त्यांनी बाप्तिस्म्यासाठी शिवलेला गडद निळा ड्रेस घातला होता, गळ्यात मोती, आणि पायांत घरातल्या सपाता. उंच टाचांचे बूट एका पिशवीत घालून दांडीला अडकवले होते. ती दांडी होती बाजाराच्या चाकांच्या पिशवीची. दोन चाकं, वर उंच कापडी झोळी, भाजी आणायला नेतात ती. पेत्रालोनाहून त्या ती ओढत आल्या होत्या.

"तुम्ही इथं?" मी म्हटलं.

"जावईबापू म्हणाले, तासाभरात येतील," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. "त्यांना स्वतःच्या मुलाबद्दल काही ठाऊक नाही. मी म्हटलं, आपणच निघावं." त्यांनी खाली पडलेल्या नातवाकडे बघितलं. "काय रे, इथंच राहायचं ठरवलंस?"

"हो," स्तामातिस म्हणाला.

"राहा. मला फक्त या पिशवीत कोणी बसतंय का ते बघायचंय. कांद्यांना नेते मी रोज, आज कांदे नाहीत."

तो उठून बसला. "मी कांदा आहे," तो म्हणाला.

"तू कांदा? कांदे बडबड करत नाहीत."

एका मिनिटात तो झोळीत बसला होता, डोकं तेवढं बाहेर, आणि तोंड गच्च मिटलेलं. आम्ही निघालो. बाईंचा चालण्याचा वेग असा की मला सपातांचा हेवा वाटला. दुकानदार मागून म्हणाला, "कासव जिंकलं."

चौक ओलांडून आम्ही थिसिओकडे वळलो. तिथं गाड्या नाहीत, रस्ता रुंद आहे, आणि चाकं छान चालत होती. गारिफालियाला आता घाई झाली होती. ती माझ्या बाहीला लोंबकळली. "दुसरं अक्षर, आत्या. किती लांब चालले मी."

"कसलं अक्षर?" पोलिक्सेनीबाईंनी विचारलं.

"बाळाच्या नावाचं," गारिफालिया म्हणाली. "प आहे आणि शेवटी नी आहे. मधलं आत्या सांगत नाही."

बाईंनी पुढे बघूनच चालणं चालू ठेवलं. पण चाकांचा आवाज जरा मंदावला. माझ्या मनात नेक्तारिसला ज्या शिव्या आल्या त्या मी मनातच ठेवल्या. थोड्या वेळानं त्यांनीच सुरुवात केली.

"तुझी पर्सेफोनीआत्या," त्या म्हणाल्या. "मी तिला एकदाच भेटले, लेकीच्या लग्नात. मला म्हणाली, बाई, मुलगा आळशी आहे पण खोटं बोलत नाही. मला ती आवडली. आणि तिच्या नावाची शेवटची अक्षरं माझ्या नावासारखीच आहेत, एवढं मलाही मोजता येतं."

माझे कान तापले. "पोलिक्सेनीबाई, मी अजून..."

"तू अजून ठरवलं नाहीस. ते दिसतंय. ठरवलं असतंस तर पोरीला एव्हाना सगळं कळलं असतं."

"तुम्हाला वाईट वाटेल अशी भीती आहे सगळ्यांना," मी सरळ सांगून टाकलं. इतकं चालल्यावर माणसाला आडवळणं सुचत नाहीत.

त्या थांबल्या. झोळीतून कांदा म्हणाला, "गाडी अडली."

"माझ्या दोन मुलग्यांना एकेक मुलगी आहे," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. "दोघींची नावं पोलिक्सेनी. ईस्टरला एका टेबलाशी बसतो. कोणी हाक मारली की तिघी माना वर करतो. धाकटी सून 'पोलिक्सेनी, नाकात बोट घालू नकोस' म्हणाली की मी हात खाली घेते. मला तिसरी कशाला हवी?"

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कोणी?" त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "आठ महिने मी वाट बघतेय. कोणी विचारेल, आणि मी नको म्हणेन. जोडनावाबद्दल मी बोलले, तेही कोणीतरी विषय काढावा म्हणून. लेक गप्प. जावई माझ्यासमोर बसतसुद्धा नाही. न विचारता नको कसं म्हणायचं? न देताच नाकारलं, असं होतं ते."

मी नळी गारिफालियाच्या हातात दिली. पाठीवरची पिशवी सावरली. रस्त्याच्या मधोमध, फिरायला आलेले लोक आजूबाजूनं जात असताना, मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि जसं पाद्र्यासमोर बोलावं तसं म्हटलं, "पोलिक्सेनीबाई, मी बाळाची धर्ममाता. तुमची परवानगी असेल तर बाळाला तुमचं नाव ठेवू का?"

त्यांनी झोळीची दांडी पुन्हा हातात घेतली, मान ताठ केली आणि चालायला लागल्या. आम्ही मागोमाग. ओळखीच्या एका बाईंना त्यांनी मान हलवून नमस्कार केला. एका कुत्र्याला वाट दिली. जवळजवळ सगळा चढ त्यांनी विचार करण्यात घालवला, आणि तो विचार त्यांना किती गोड लागत होता ते मागून, त्यांच्या खांद्यांवरूनसुद्धा दिसत होतं.

चढ संपल्यावर त्या म्हणाल्या, "नको. पण विचारलंस, बरं केलंस."

गारिफालिया हे सगळं ऐकत होती आणि तिला त्यातलं फार काही पटलेलं नव्हतं. "म्हणजे दुसरं अक्षर काय?" ती म्हणाली.

"ए," मी म्हटलं.

"प, ए..." तिनं डोळे मिटले. सहा वर्षांच्या डोक्यात अक्षरं एकमेकांना धडकताना दिसत होती. मग तिनं डोळे उघडले आणि कुजबुजत विचारलं, "फोटोतली आत्याआजी?"

"हो. पण चर्चपर्यंत कोणाला सांगायचं नाही."

तिनं तोंडावर हात ठेवला. उरलेला रस्ता ती तशीच चालली, एका हातात नळीचं टोक आणि दुसरा हात तोंडावर. मधे एक मोठी पाटी आली, तीही तिनं वाचली नाही.

साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही चर्चच्या अंगणात पोहोचलो. नेक्तारिस पायरीवर उभा होता, चेहरा पांढरा. पोलिक्सेनीबाईंनी एका हातानं त्याच्या खांद्याचा आधार घेतला, सपाता काढल्या, टाचांचे बूट घातले, आणि सपाता त्याच्या कोटाच्या खिशात कोंबल्या. व्हायोलेतानं माझ्या हातात बाळ दिलं आणि माझ्या केसांतली नारंगीची पाकळी काढली. स्तामातिस झोळीत गाढ झोपला होता. त्याला कोणी उठवलं नाही. झोळी तशीच मागच्या बाकाशी टेकवून ठेवली.

पाद्रीबाबा वयस्कर होते. पाण्याला आशीर्वाद देऊन झाला, बाळाला उघडं केलं, तेल लावलं. मग त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. माझा श्वास अजून जागेवर नव्हता, त्यामुळे आवाज निघाला तो बाळालाच ऐकू गेला असावा. पाद्रीबाबांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा तोंड उघडायच्या आत पहिल्या रांगेतून पोलिक्सेनीबाईंचा आवाज आला, खणखणीत, कोपऱ्यातल्या शेवटच्या पाहुण्यापर्यंत: "पर्सेफोनी." सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी मोती नीट केले. बाळ पाण्यात गेलं आणि असं किंचाळलं की बाहेरची कबुतरं उडाली.

जेवण चर्चसमोरच्या खानावळीत होतं. पोलिक्सेनीबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की मला विचारलं, भर रस्त्यात उभं राहून विचारलं, पण मीच नको म्हटलं. त्यांच्या तिसऱ्या सांगण्यात मी रस्त्यात गुडघ्यावर बसले होते. चौथ्यात मी रडले होते. मी काही खोडून काढलं नाही. नेक्तारिस हळूच एक खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या ताटात मटणाचा मोठा तुकडा वाढला.

खानावळीत आणलेल्या झोळीतून स्तामातिस जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा उठला. डोळे चोळत, अंगाला कांद्याचा वास, तो टेबलाशी आला आणि विचारलं, "बाळाची आंघोळ कधी?"

"झाली," व्हायोलेता म्हणाली.

त्याचा ओठ खाली गेला. "मी नव्हतो."

"तू झोपला होतास, राजा."

"परत करा," तो म्हणाला, आणि खानावळीच्या फरशीवर, वाढप्यांच्या वाटेत, बसला. मला त्याचं ते बसणं आता चांगलंच ओळखीचं झालं होतं. मी व्हायोलेताला सांगितलं, याला उचलायला जाऊ नकोस, सैल सोडतो.

पाद्रीबाबांनी आपला चमचा खाली ठेवला. ते उठले, पाण्याचा ग्लास घेतला, त्याच्यासमोर आले आणि हळूहळू, गुडघ्यांचा आवाज करत, खाली बसले.

"बाळ आता झोपलंय, त्याची परत करता येणार नाही," ते म्हणाले. "पण तुझी करतो. चालेल?"

स्तामातिसनं विचार केला. "तेल नको," तो म्हणाला.

"तेल नाही. नाव काय तुझं?"

"स्तामातिस."

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला.

"स्तामातिस," तो ओरडला.

पाद्रीबाबांनी बोटं ओली करून त्याच्या डोक्यावर तीनदा पाणी शिंपडलं. तो दर वेळी डोळे मिटून घ्यायचा. झाल्यावर उठला, खुर्चीवर चढला आणि विचारलं, बटाटे उरलेत का. पाद्रीबाबांना उठवायला मात्र नेक्तारिस आणि एक वाढपी, दोघं लागले.